गादीवाले चाचा आणि सतरावा मजला

लोकांना इतकी सुखाची झोप देणारा आणि स्वतः छताला इतकं भिणारा माणूस उभ्या लातुरात दुसरा नसेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचं गाद्यांचं दुकान. वर पत्रा, आत कापूस, आणि त्या कापसात बसून भुवयांपर्यंत पांढरे झालेले चाचा. शिकवण्यांचा जमाना आला, पार माहूरपासूनची पोरं डॉक्टर व्हायला लातूर गाठू लागली, आणि खोली मिळाली की पोरगं पहिलं चाचांकडं गादीला यायचं. "लई मऊ न्हाई देणार," चाचा त्याच्या बापाला सांगत. "मऊ गादीवर ह्यो झोपंल, अन् निकाल लागल्यावर तुमी माझ्या नावानं बोंबलाल."

गल्लीत तीन-तीन मजली वसतिगृहं उठली. चाचांचा पत्रा तसाच राहिला. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा ते टेंपोभर गाद्या घेऊन पडलेल्या गावांकडं गेले होते. रिकाम्या टेंपोतून परतले. तिथं काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण तेव्हापासून स्लॅबखाली पाऊल टाकणं सोडलं. बँकेशी त्यांचा व्यवहार खिडकीबाहेरून. लग्नात कार्यालयाच्या दारातून अक्षता टाकायच्या आणि ताट बाहेर मागवायचं. मी शिकवतो त्या क्लासच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला त्यांनी रस्त्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. दवाखान्यात गेले तर डॉक्टरच पायऱ्या उतरून खाली येत. दुखणं चाचांचं, चालणं डॉक्टरांचं.

त्यांची एकुलती लेक आमच्याच क्लासात शिकली, डॉक्टर झाली, मुंबईला गेली. मग कोरोना आला. ती तिकडं वॉर्डात अडकली, हे इकडं. नात जन्मली, रांगली, चालू लागली. चाचांनी सगळं फोनवर पाहिलं. साथ ओसरल्यावर, गणपती होऊन गेले तसे, ते माझ्या दाराबाहेर येऊन उभे राहिले.

"सर, मुंबईला चला की संगं. पोरगी सतराव्या मजल्यावर ऱ्हाती."

"मग तुम्ही वर जाणार?"

"जायाचं तर हाय. फुडचं फुडं."

मुंबईत पाऊस सरून ऊन चिकट झालं होतं. चाचांनी इमारत खालून वरपर्यंत बघितली, टोपी सावरली आणि बागेच्या कट्ट्यावर बसकण मारली. रात्रपाळी करून नुकतीच आलेली लेक नातीला कडेवर घेऊन खाली आली. चाचांनी नातीसाठी शिवलेली छोटी फुलाफुलांची गादी गवतावर उलगडली. लगेच पहारेकरी आला.

"बाबा, इथं अंथरूण टाकता येत नाही."

"अंथरूण कुटं? नमुना हाय," चाचा म्हणाले.

पहारेकरी हसला, पण हलला नाही. लेक बापाजवळ कट्ट्यावर बसली. तिचे डोळे तांबारले होते.

"अब्बा, दोन वर्षं मी त्या वॉर्डात रोज भीतच गेले. भीती जायची वाट बघितली असती तर अजून दारातच उभी असते. तुम्ही पण भीतच चला."

चाचांनी वाकून गवतावरची गादी गुंडाळली. मग उठले. लिफ्टमध्ये त्यांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठले.

वर गेल्यावर ते उंबऱ्यापाशीच, चपला पायात ठेवून, भिंतीला टेकून बसले. समोरच्या खिडकीतून समुद्र दिसत होता.

"एवढं पाणी," ते पुटपुटले, "अन् दुष्काळात आमाला प्यायला रेल्वेनं आणावं लागलं."

नात खेळता खेळता त्यांच्या पायावर चढली. लेक चहा देऊन शेजारी बसली, बोलता बोलता कलली आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. मी काही बोलणार तेवढ्यात चाचांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, सर. लई दिवसांनी झोपली असंल."

चहा निवला. ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं. चाचा जागचे हलले नाहीत. मला वाटलं होतं, ते सारखे छताकडं बघतील. ते एकदाही वर बघत नव्हते. पोरीच्या कानामागं पांढरे झालेले दोन-चार केस होते. ते बोटानं हळूच बाजूला करून बघत बसले होते.