बेसमेंटमधले स्मेल्ट

माझ्या नवऱ्याची नोकरी गेली ती मार्चमध्ये, आमच्या उत्तरेकडच्या ईडन प्रेरी गावात बर्फ अजून वितळायचा होता तेव्हा. त्याच्या कॉम्प्युटर कंपनीने अख्खं डिपार्टमेंटच बंद केलं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे घर चालत होतं. पण सकाळी मी बूट घालताना तो ओटा पुसत उभा असायचा, पुसलेला ओटा परत पुसायचा, ते बघवत नसे.

शेजारी एक निवृत्त पोस्टमन एकटेच राहत. आपापसात आम्ही त्यांना आजोबा म्हणायचो. त्या एप्रिलमध्ये त्यांनी लेक सुपीरियर या मोठ्या सरोवरावरून दोन बादल्या भरून स्मेल्ट आणले. स्मेल्ट म्हणजे वीतभर लांबीचे चंदेरी मासे. हिवाळ्यात तळी गोठली की पाइक नावाच्या मोठ्या, दातेरी माशासाठी हेच मेलेले मासे गळाला लावतात. आजोबांचा फ्रीजर बंद पडला होता, आणि आमच्या बेसमेंटमध्ये भलामोठा डीप फ्रीजर जवळजवळ रिकामा होता. नवऱ्याने मला न विचारता होकार देऊन टाकला.

मला त्याचं नवल वाटलं. माझं माहेर अलिबागजवळचं, तो पुण्याचा, ज्याच्या घरात अंडंसुद्धा यायचं नाही असा. त्याने मला कधी मनाई केली नव्हती. पण लग्नानंतर एकदा मी टूना माशाचा डबा उघडला, तर हा थंडीत बाहेर जाऊन उभा राहिला. तेव्हापासून मी घरात मासे आणले नव्हते.

संध्याकाळी कामावरून आले तर हा बेसमेंटमध्ये, बाह्या सारून, पेपर टॉवेलने एकेक मासा टिपत बसलेला. ताज्या स्मेल्टला काकडीसारखा वास येतो. सगळं बेसमेंट कोशिंबिरीसारखं घमघमत होतं.

"ओले राहिले तर एकमेकांना चिकटतात," तो मान वर न करता म्हणाला. "पोट फाडायचं नाही. ट्रेमध्ये सुटे ठेवायचे, अगदी सरळ. वाकडे गोठले तर पाण्यात गरगरतात. उद्या कडक झाले की प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचे. आत हवा राहिली तर माशांतलं तेल खवट होतं."

"आणि हे वापरणार कधी?"

"डिसेंबरात. तळं गोठलं की."

त्या दिवसांत आम्ही महिनाअखेरच्या पुढचं काही बोलतच नव्हतो.

"तोवर नोकरी लागली तर?" मी विचारलं.

"तर आजोबा वापरतील."

"आणि नाही लागली तर?"

"तर मी जाईन त्यांच्याबरोबर."

मला एकदम रडू येईलसं वाटलं. म्हणून मी म्हटलं, "मला दे ना त्यातले चार-पाच."

"अगं, हे गळाला लावायचं आमिष आहे!"

"आमच्याकडे याला जेवण म्हणतात."

तो हसला. कित्येक आठवड्यांनी. मग म्हणाला, "तू दमलीयस, बस. सांग, मी करतो." मी खुर्चीत बसून सांगत गेले आणि त्याने मासे साफ केले, हळद-तिखट-मीठ लावलं, रव्यात घोळवले, आणि तेल उडेल म्हणून झाकण ढालीसारखं धरून तळले. स्वतः खाल्ले नाहीत. पण मी काटे काढून खात असताना समोर बसून राहिला.

उन्हाळाभर इंटरव्ह्यू चालले. काही उपयोग झाला नाही. ऑगस्टमधल्या एका दुपारी वादळाने वीज गेली. मी घरी आले तेव्हा फ्रीजरवर घरातल्या सगळ्या रजया टाकून हा जिन्यात पहारा देत बसला होता.

"झाकण उघडू नकोस! उघडलं नाही तर टिकतील. एकदा वितळले की परत गोठवण्यात अर्थ नाही, लिबलिबीत होतात, गळावर राहत नाहीत."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. अंधुक उजेडात तो आपणहून बोलला. "प्रत्येक ठिकाणी विचारतात, सध्या काय करता. मला उत्तरच सुचत नाही."

वीज येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

डिसेंबरात मीही तळ्यावर गेले. आजोबांनी बर्फाला भोकं पाडली. नवऱ्याने हातमोजे काढून कडक स्मेल्ट गळाला लावले, प्रत्येक भोकावर लहान झेंडीचा सापळा मांडला. मासा लागला की झेंडी उभी राहते. तासन्तास काही झालं नाही. शेजारच्या भोकापाशी बसलेल्या एका माणसाने गप्पा मारता मारता विचारलं, "तुम्ही काय करता?"

"इंजिनिअर आहे. सध्या नोकरी नाही," नवरा म्हणाला, आणि थर्मॉसमधला चहा पुढे केला. त्या माणसालाही त्याचं काही वाटलं नाही. तो स्वतःच्या सांधेदुखीबद्दल बोलू लागला.

तेवढ्यात झेंडी उभी राहिली. नवरा धावला, घसरून आपटला, उठून परत धावला. "घाई नको, त्याला तोंडात नीट घेऊ दे!" आजोबा मागून ओरडत होते. मग त्याने हाताने दोरी ओढली. हिरवट, ठिपकेदार, हातभर लांब पाइक बर्फावर आला आणि शेपटी आपटू लागला. नवरा त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

"सोडायचा?" आजोबांनी विचारलं.

"नको. तुम्ही घरी न्या," तो म्हणाला. "रात्रीचं जेवण होईल."

जानेवारीच्या शेवटी डॅलसहून नोकरीचा फोन आला. आम्ही घर आवरलं, आणि उरलेले स्मेल्ट फ्रीजरसकट आजोबांकडे गेले. आजोबांनी निरोप देताना गाडीच्या काचेवरचा बर्फ स्वतः खरवडून दिला.

दक्षिणेकडे जाताना आयोवा राज्यात रस्त्याकडेचा बर्फ विरळ होत गेला. तो गाडी चालवत होता.

"पहिल्या दिवशी ऑफिसात मला भीती वाटणार आहे," तो म्हणाला.

"वाटू दे," मी म्हटलं, आणि मांडीवरचा नकाशा उलटून पुढचा रस्ता शोधायला लागले.