कोणीच काही केलं नव्हतं

"मॅडम, लेबलं छापायची बंद झालीत. गाड्या गेटवर उभ्या हायेत," डिस्पॅचचे येळवंडेभाऊ सर्व्हर रूमच्या दारातून म्हणाले.

चाकणची कंपनी, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. लेबलाशिवाय तिथून एक खोकं हलत नाही. मी तिथली बाहेरून येणारी सर्व्हर कन्सल्टंट. त्या सकाळी रहाटणीहून आले होते ती साध्या ड्रिलसाठी. दोन सर्व्हरची जोडी असते. एक पडला की दुसरा काम उचलतो. याला फेलओव्हर क्लस्टर म्हणतात. दुपारी मोठा कस्टमर हेच पाहायला येणार होता. म्हणून आम्ही पहिला सर्व्हर मुद्दाम बंद केला. दुसऱ्याने काम उचललं नाही. पहिला परत चालू केला, तर त्याच्यावरही लेबलचा प्रोग्राम सुरू होईना.

"हार्डवेअर गेलं," आयटी हेड कदमसाहेबांनी निकाल दिला.

मी सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला. हार्डवेअर ठणठणीत होतं. लेबलचा प्रोग्राम ज्या खात्याच्या नावाने चालतो, त्या खात्याचा पासवर्ड बरोबर होता. पण सर्व्हिस म्हणून, म्हणजे माणसाशिवाय आपोआप, लॉगिन करायचा अधिकार त्या खात्याला नव्हता. हा अधिकार प्रोग्राम सुरू होतानाच तपासला जातो. पहिल्या सर्व्हरवर प्रोग्राम कधीचा चालूच होता, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही.

अधिकार द्यायला गेले तर बटण दबेना. म्हणजे ही सेटिंग वरून, सगळ्या सर्व्हरना एकदम लागू होणाऱ्या पॉलिसीतून येत होती. आणि ती बदलायचा अधिकार प्लांटच्या आयटीकडेच होता.

"पॉलिसीत कोणी बदल केलाय का?"

"कोणीच काही केलेलं नाही," कदमसाहेब म्हणाले. मागे जमलेल्या ऑफिसातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

साहेब नुकतेच सिक्युरिटीचा कोर्स करून आले होते. मला अंदाज आला. पण चारचौघांत विचारलं असतं, तर त्यांनी संध्याकाळपर्यंत कबूल केलं नसतं.

"बरं. मग बाहेरच्या कोणीतरी केलंय," मी म्हणाले. "हेड ऑफिसला कळवावं लागेल. ते प्रत्येकाचा पीसी तपासतील. चहा घेते आणि मेल टाकते."

पँट्रीत कप हातात घेतला, तोच येळवंडेभाऊ आले.

"मॅडम, डिस्पॅचच्या पीसीवर बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ हायेत. त्यानं तर न्हाई ना झालं?"

"नाही. पण काढून टाका."

"समदे?"

"सगळे."

"फायनल तेवढी ऱ्हाऊ द्या."

मग एचआरच्या मॅडम आल्या. पुतणीच्या डोहाळजेवणाची आमंत्रणं ऑफिसच्या कलर प्रिंटरवर काढली होती म्हणे. त्यांनाही धीर दिला.

शेवटी कदमसाहेब. हातात बिस्किटांचा पुडा.

"समजा मॅडम, एखाद्याने कोर्सवरून आल्यावर फालतू वाटणारे अधिकार काढून टाकले असतील, तर?"

"समजा, त्याने ते आत्ता परत दिले, तर मेल कशाला लागेल?"

"आणि रिपोर्टमध्ये?"

"पॉलिसीत चूक होती, दुरुस्त केली. नाव लिहायला त्यात जागाच नाही."

पुडा माझ्याकडे सरकला.

साहेबांनी पॉलिसी उघडली. "त्या खात्याला सगळेच अधिकार देऊन सरळ अ‍ॅडमिनच करू का? कायमची कटकट मिटेल."

"नको. कोर्समध्ये नेमकं तेच करू नका म्हणून सांगितलं असेल."

हवा तेवढाच अधिकार दिला. दोन्ही सर्व्हरवर पॉलिसी नव्याने लागू केली. प्रिंटर खरखरला आणि येळवंडेभाऊ लेबलांचा रोल घेऊन अक्षरशः पळाले. ड्रिल दोन्ही बाजूंनी करून पाहिलं. दोन्ही वेळा काम अलगद पलीकडे गेलं.

दुपारी कस्टमरने स्वतः सर्व्हर बंद करायला लावला. लेबलं छापत राहिली. तो खूश झाला. "असं ड्रिल आम्ही नेहमीच घेतो," कदमसाहेबांनी त्याला सांगितलं. मी छताकडे पाहिलं.

अधिकार काढले की सर्व्हर एकदा बंद करून प्रोग्राम परत सुरू होतो का ते पाहावं, आणि कस्टमर यायच्या दिवशी तर मुळीच नाही, त्याच्या बऱ्याच आधी. सर्व्हर तपासायचे ते जोडीने. माणसं मात्र एकेकटी गाठावीत.