फायटरची पिल्लं आणि मजल्याचं पिंप

१९५७ सालच्या डिसेंबरातल्या एका रविवारी दादरच्या दुकानातून मी फायटर माशांची जोडी साडेतीन रुपयांना आणली. लालबागच्या आमच्या खोलीत टेबलावर ती ठेवली तेव्हा तीन माणसं हजर होती : मी, माझी बायको आणि शेजारच्या खोलीतल्या मालवणी काकी. तिथेच, काकींच्या साक्षीने, बायकोने अट घातली.

"आणलेत ते आणलेत. पण यापुढे या माशांवर एक पैसा खर्च झाला, तर हे आल्या वाटेने परत जातील."

"नवा पैसा की जुना?" मी विचारलं. नवे पैसे येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि रोज कुणी ना कुणी हा विनोद करायचंच.

"दोन्ही," ती म्हणाली.

काकी वाकून बघत होत्या. "साडेतीन रुपयांत पापलेटांचो वाटो इलो असतो रे. ह्ये बोटभर! कालवणात घातले तर गावूचे नाय."

अट मान्य करण्यावाचून इलाज नव्हता. पण माशांना खायला घालणं भागच होतं. दुकानात सुक्या खाण्याची पुडी मिळे. ती विकत घ्यावी लागे हा एक दोष, आणि फायटर तिला तोंड लावत नसत हा दुसरा. त्यांना जिवंत, वळवळणारं हवं असे. म्हणून मी आधी डासांच्या अळ्या वाढवल्या. उघड्या डब्यात पाणी ठेवलं की बाकीचं काम डास करतात. सगळं उत्तम चाललं होतं, पण आम्ही दोन दिवस सासुरवाडीला गेलो आणि परत आलो तेव्हा अळ्यांचे डास होऊन मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत पोचले होते. गॅलरीत सभा भरली. अळ्या बंद झाल्या.

दादरच्या दुकानदाराला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला आणि त्याने बाटलीभर पाण्यातल्या पिसवा मला फुकट दिल्या. फुकट, हे मी बायकोला दोनदा सांगितलं. या पिसवा चावत नाहीत, उडून जात नाहीत. मोहरीहून लहान, पाण्यात झटके देत वरखाली होत राहतात. एक जुना अ‍ॅल्युमिनियमचा टोप मी दाराबाहेर, जिथे सकाळचं ऊन येतं तिथे ठेवला. पाणी उन्हात हिरवं होऊ द्यायचं. पलीकडच्या गल्लीतल्या गोठ्यातून आणलेलं शेण पाण्यात कालवून, गाळून, चमचाभर त्यात सोडायचं. हिरवं पाणी पिसवा खातात, पिसवा मासे खातात आणि शेणाला कुणी पैसे मागत नाही. मी गिरणीच्या ऑफिसात हिशेबनीस होतो, पण इतका नेमका शून्यावर येणारा हिशेब मी कधी लिहिला नव्हता.

थंडी ओसरताना नराने पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं केलं आणि पिल्लं झाली. स्वल्पविरामाएवढी, शेकड्याच्या आसपास. मी ती रुंद तोंडाच्या बरणीत वेगळी काढली. दुकानदाराने बजावलं, "या वयात एक दिवस उपास घडला तर सकाळी निम्मी तळाला दिसतील." त्यांना पिसवांची नुकती जन्मलेली पोरं लागत, आणि ती फक्त माझ्या टोपात होती. बायको बरणीपाशी उभी राहायची नाही, पण रात्री बरणीभोवती तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला असे. मी विचारलं तर म्हणे, "वारा लागतो टेबलाला."

पिल्लं दहा-बारा दिवसांची झाली आणि हरताळ जाहीर झाला. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला शिवाजी पार्कवर गेलो होतो. घोषणा देऊन घसा बसवून परतलो, जेवलो, झोपलो. सकाळी चहाचा कप हातात घेऊन टोपापाशी गेलो तर टोपावर ताट झाकलेलं. ताट उचललं. टोप आरशासारखा चकचकत होता आणि पाण्यातून तळ स्वच्छ दिसत होता.

आमच्या मजल्यावरची पद्धत अशी, की पाणी जायची आवई उठली की नळावर जो आधी पोचेल त्याने घरी नसलेल्यांचीही भांडी भरून ठेवायची. आदल्या संध्याकाळी आवई उठली होती आणि आधी पोचल्या होत्या काकी.

"बघलंस?" त्या दारातूनच म्हणाल्या. "कसलो घाणेरडो टोप रे तुमचो! शेवाळ धरलेला. राखेन घासलंय, पाणी भरलंय आणि तुरटी फिरवलंय."

मी स्वच्छ पाण्यात बोट फिरवून पाहिलं. बायको बाहेर आली, तिने टोपात पाहिलं आणि म्हणाली, "अहो काकी, त्यात यांच्या पिसवा होत्या! पिल्लांचं खाणं!"

काकींनी तोंडावर हात ठेवला. "अगो बाय माझे! माका काय म्हायत, त्यात जीव आसत म्हणान!"

दुकानं बंद, रस्ते बंद. दादरला चालत जाऊनही उपयोग नव्हता. बायको बरणीकडे गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "काकी, आधीचं पाणी कुठे ओतलंत?"

काकी कोकणातल्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरींवर वाढलेल्या. पाणी वाया घालवणं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. ते त्यांनी गॅलरीच्या टोकाच्या पिंपात ओतलं होतं. त्या पिंपातून संडासाला जाणारा प्रत्येकजण आपला डबा भरून घेतो.

मी धावलो. हरताळामुळे गिरण्या बंद, सगळा मजला घरी, रांग जिन्यापर्यंत. पिंप निम्म्याच्या खाली गेलं होतं. पुढच्या माणसाने डबा बुडवायला हात घातला आणि मी त्याचा हात धरला.

"थांबा! यात माझ्या पिसवा आहेत."

"हिशेबनीस," रांगेतला एक म्हातारा साचेवाला, गिरणीतला विणकर, म्हणाला, "आता संडासाच्या पिंपात गरी टाकणार काय?"

"अहो, मला थांबणं जमणार नाही," पुढचा कळवळून म्हणाला. त्याला आमच्या घरच्या प्यायच्या पाण्याचा डबा भरून दिला. तेवढ्यात काकी धावत आल्या. चक्का बांधायचं आपलं मलमलीचं फडकं त्यांनी पिंपाशेजारच्या बादलीवर ताणून धरलं, मी तांब्याने पाणी काढून गाळू लागलो. पहिल्या तांब्याला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. तिसऱ्याला फडक्यावर चार ठिपके राहिले आणि बायकोने धरलेल्या भांड्यात ते झटकले तेव्हा चारही झटके देत पोहू लागले.

मग रांगेलाच चेव आला. कुणी आपला भरलेला डबा तपासायला दिला. "माझ्यात दोन आहेत बघा!" "त्या पिसवा नव्हेत, कचरा आहे तो." "कचरा पोहतो काय रे?" मागून कुणीतरी कालच्या सभेच्या चालीत ओरडलं, "मासे जगलेच पाहिजेत!" आणि ज्यांना घाई होती त्यांनीसुद्धा साथ दिली.

पिंप तळापर्यंत गाळलं. चांगल्या पाण्यात तीनदा धुऊन पिसवा पिल्लांपुढे सोडल्या, थोड्या पुढच्या पिकासाठी राखल्या. दुपारी पाणी गेलं नाहीच. आवई खोटी होती. दुसऱ्या दिवशी तळाला तीन पिल्लं होती. बाकीची बायकोने मोजली. मला म्हणाली, "हलतात हो फार, दोनदा मोजावी लागली."

राहिला प्रश्न फडक्याचा. काकी ते चिमटीत धरून आल्या. "आता ह्या फडक्यात चक्को बांधू आणि तुमका श्रीखंड वाढू?"

नवं मलमल आठ आण्यांचं, म्हणजे पन्नास नवे पैसे. खर्च माशांवरचाच होता, त्यामुळे मी टेबलावरच्या बरणीकडे बघत बसलो. बायको उठली, फळीवरच्या मिसळणाच्या डब्यामागून तिने आपली पुरचुंडी काढली आणि आठ आणे काकींच्या हातावर ठेवले.