मावशींच्या वतीने म्हटलेलं हो

मी मॉर्मन चर्चचा प्रचारक म्हणून इंग्लंडमध्ये दोन वर्षं काढली. त्या दोन वर्षांत माझ्या हातून एकच बाप्तिस्मा झाला, आणि तो व्हायला नको होता. चर्चला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचे नियम चांगले होते आणि मुलाखत घेणारा मुलगा प्रामाणिक होता. चूक मी केली.

आम्ही पुण्याचे. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. तिथे आलेल्या एका अमेरिकन इंजिनिअरच्या कुटुंबाशी ओळख वाढत गेली आणि मी अकरा वर्षांचा असताना वडील त्यांच्या चर्चमध्ये गेले. पाठोपाठ आईही गेली. तिला कुणी वेगळं विचारलं होतं की नाही, मला आठवत नाही. या चर्चमधला मुलगा एकोणीस वर्षांचा झाला की दोन वर्षं प्रचाराला जातो. कुठे जायचं ते तो ठरवत नाही, पत्र येतं. माझ्या पत्रात इंग्लंड होतं. १९९०च्या ऑगस्टमध्ये मी निघालो तेव्हा नातेवाइकांना वाटलं, मुलगा शिकायला चालला. आईने कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

दिवस ठरलेला असे. साडेसहाला उठायचं, वाचन, प्रार्थना, नाश्ता, आणि साडेनऊला दोघांनी बाहेर पडायचं. कायम दोघांनीच. आंघोळ सोडली तर जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. पांढरा शर्ट, टाय, काळा बॅज. मग रात्री साडेनऊपर्यंत दारं ठोठावत फिरायचं. घरी आठवड्याला एक पत्र, वर्षातून दोन फोन. सोमवारी अर्धा दिवस कपडे धुवायला.

रविवारी संध्याकाळी आमच्या गटाच्या प्रमुखाला आठवड्याचे आकडे फोनवर सांगायचे: किती धडे दिले, किती पुस्तकं वाटली, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख घेतली, किती बाप्तिस्मे झाले. मी त्याच्याही पुढे जाऊन खिशातल्या वहीत दारं मोजत असे. बऱ्या आठवड्यात चारशेच्या आसपास व्हायची आणि त्यातली दहा-बारा उघडून परत लगेच बंद न होणारी. शेवटच्या रकान्यात दर रविवारी शून्य. त्यावर मला कधी कुणी रागावलं नाही. प्रमुख म्हणायचा, "छान मेहनत करताय." रागावला असता तर बरं वाटलं असतं.

१९९१च्या जुलैमध्ये मला लेस्टरला पाठवलं. बेलग्रेव्ह रोडच्या आजूबाजूच्या, भारतीय वस्तीच्या गल्ल्यांत माझा चेहरा बघून दारं उघडायची, आणि खरी अडचण तिथेच सुरू व्हायची. लोक पाहुणा समजून आत घ्यायचे, चहा ठेवायचे, आणि आम्हाला चहा-कॉफी वर्ज्य. नको म्हटलं की घरातलं वातावरण बदलायचं. एक आजोबा जोडीदाराकडे बोट दाखवून मला म्हणाले होते, "तो गोरा आहे, त्याला कळत नाही. तुला काय झालंय?"

ऑक्टोबरच्या शेवटी एका गल्लीत एका बाईंनी दार उघडलं. वय साठीच्या आसपास, साडीवर जाड कार्डिगन. त्यांनी माझ्या बॅजवरचं आडनाव वाचलं आणि थेट मराठीत विचारलं, "कुठले तुम्ही?"

"पुण्याचा."

"आत ये. यालाही आण, गारठलाय बिचारा. आणि हे आडनावाआधी काय? एल्डर म्हणजे?"

"म्हणजे मंडळीतला ज्येष्ठ. आम्हाला सगळ्यांना तसंच म्हणतात."

"वय काय तुझं?"

"वीस."

"आणि याचं?"

"एकोणीस."

"बसा, ज्येष्ठांनो. चहा टाकते."

चहा चालत नाही, कॉफीही चालत नाही, हे ऐकल्यावर त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पोटाचं काही आहे का?" असं विचारलं आणि दूध गरम करायला गेल्या.

मी त्यांना मावशी म्हणू लागलो. मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा होजियरीच्या कारखान्यात होता, त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. स्वतः त्यांनी पंचवीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात मदतनीस म्हणून काढली. मुलगा साउथहॅम्प्टनला डॉक्टर. तो दर रविवारी फोन करायचा, पण इंग्रजीत. लहानपणी मराठी समजायची, आता तेही राहिलं नव्हतं. सून इंग्रज, नातवंडं दोन. "घरात मराठी बोलायची तर भिंतीशी," असं त्या तक्रार न करता म्हणाल्या.

आमचे धडे सहा होते. प्रत्येक पाऊण तासाचा. मावशींकडे तो दोन तास चालायचा, त्यातला दीड तास सांगली, कृष्णेचा पूर, पुण्यात वांगी काय भाव, माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे का. जोडीदार अमेरिकेतल्या आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावरचा, मनाने सरळ. त्याला एक शब्द कळत नसे. तो चिवडा खायचा आणि मधूनच विचारायचा, "काय म्हणाल्या?"

"पुराबद्दल सांगतायत."

"बायबलमधल्या, नोहाच्या?"

"सांगलीच्या."

पाचव्या धड्याला मावशींनी मध्येच विचारलं, "तुझे किती झाले?"

"काय?"

"बाप्तिस्मे. त्या फोनवर सांगतोस ना दर रविवारी. मागे तूच बोललास."

"एकही नाही."

"किती महिने झाले?"

"पंधरा."

"आणि याचे?"

"दोन. आधीच्या गावात."

त्या चुकचुकल्या. पुढच्या आठवड्यात, मी पुस्तक उघडायच्या आधीच, म्हणाल्या, "ठरव तारीख. माझी हरकत नाही."

मी तेव्हाच पुस्तक मिटून विचारायला हवं होतं की हे कशासाठी. मी तारीख विचारली. डिसेंबरचा दुसरा शनिवार. मुलाला सांगितलंत का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, सांगेन. मग स्वयंपाकघरातल्या फळीकडे बघून विचारलं, "देव्हाऱ्याचं काय करायचं?" तिथे गणपती, बाळकृष्ण आणि नवऱ्याच्या आईकडून आलेली अन्नपूर्णा होती. मी म्हणालो, ते तुम्ही ठरवा. पुढच्या वेळी गेलो तर फळी रिकामी. देव वरच्या खोलीत कपाटात ठेवले होते, फडक्यात बांधून, डांबराच्या गोळ्या घालून. तरी मी धडा पूर्ण केला.

बाप्तिस्म्याआधी मुलाखत असते, आणि शिकवणाऱ्याने ती घ्यायची नसते. माणूस स्वतःच्या मनाने येतोय का, हे तिसऱ्याने पाहावं म्हणून. आमचा प्रमुख गुरुवारी संध्याकाळी आला. स्कॉटिश, एकवीस वर्षांचा, सावकाश बोलणारा. एरवी ही मुलाखत दोघांतच होते. पण मावशींनी आधीच सांगितलं, "देवाबद्दल मला इंग्रजीत बोलता येत नाही. माझं इंग्रजी बेडपॅन आणि औषधाच्या वेळा एवढ्यापुरतं." म्हणून दुभाषी म्हणून मी बसलो. मराठी येणारं दुसरं कुणी नव्हतं.

प्रमुखाने विचारलं, आमच्या चर्चच्या संस्थापकाला देवानेच संदेष्टा म्हणून बोलावलं, असं तुम्ही मानता का. मी मराठीत सांगितलं.

मावशी म्हणाल्या, "ते मला काय ठाऊक? हा पोरगा म्हणतोय तर असेल. याला एक मिळू दे."

मी इंग्रजीत म्हणालो, "हो. त्यांचा विश्वास आहे."

प्रमुखाने माझ्याकडे पाहिलं. त्या बोलल्या होत्या जास्त आणि मी सांगितलं होतं कमी, हे त्याच्या लक्षात आलं असावं. "परत एकदा विचार," तो म्हणाला. "घाई नाही म्हणावं. उन्हाळ्यातही करता येईल."

"घाई नाही म्हणतोय," मी मावशींना सांगितलं.

"मला कुठे घाई आहे? तुला आहे."

"त्या तयार आहेत," मी त्याला सांगितलं.

मग त्याने विचारलं, कुणी भरीला घातलं म्हणून तर नाही ना. मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माझ्या घरात माझ्या खुर्चीत बसलेय. मला कोण भरीला घालणार?" हे मात्र मी शब्दशः सांगितलं. तो हसला आणि त्याने कागदावर सही केली.

आमच्यात बाप्तिस्मा म्हणजे पूर्ण बुडवणं. चर्चमध्येच सरकत्या दारांमागे एक हौद असतो, तो सकाळपासून कोमट पाण्याने भरावा लागतो. दोन साक्षीदार कडेला उभे राहतात. शरीराचा किंवा कपड्याचा जरासा भाग वर राहिला, तर पुन्हा करायचं. मावशींनी तिथला पांढरा झगा घातला होता. त्यात त्या मला फार लहान दिसल्या. आयुष्यात कधी पोहल्या नव्हत्या. मी एका हाताने पाठ धरली, त्यांनी माझं मनगट धरलं, मी ठरलेले शब्द म्हटले आणि त्यांना मागे टेकवलं. त्या घाबरून ताठ झाल्या, अंबाडा पाण्यावर राहिला. साक्षीदारांनी नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्यांदा मी जोर लावला. त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली. वर आल्या त्या खोकतच, आणि नाकातलं पाणी पुसत मला म्हणाल्या, "झालं का रे तुझं?"

जोडीदाराने बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणाल्या. मी म्हणालो, आभार मानले.

रविवारी फोनवर शेवटच्या रकान्यात मी एक सांगितला. प्रमुखाने मनापासून अभिनंदन केलं. त्या रात्री मला झोप चांगली लागली, हेही लिहायला हवं.

बाप्तिस्म्यानंतर नवव्या दिवशी, सोमवारी, मी मावशींकडे बदलीचं सांगायला गेलो. आमच्या बदल्या दर काही आठवड्यांनी होतात आणि माझी केव्हाही होऊ शकते, हे मला पहिल्या धड्यापासून माहीत होतं. त्यांना मी ते कधी बोललो नव्हतो.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"उद्या. मिल्टन कीन्सला."

"हे होणार हे ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गॅसची शेगडी बारीक करायला उठल्या.

मिल्टन कीन्समध्ये आम्हाला सायकली होत्या. सगळे रस्ते सारखे, सगळे गोल चौक सारखे, सगळी माणसं गाडीत. मी दारं मोजणं बंद केलं. मार्चमध्ये लेस्टरच्या त्या प्रमुखाचा फोन आला. मावशी तीन रविवार चर्चमध्ये आल्या होत्या, मागच्या बाकावर एकट्या बसून गेल्या होत्या. नंतर आल्या नाहीत, आणि दारही उघडत नव्हत्या. "तू बोलशील का? मी परवानगी घेतली आहे."

शनिवारी दुपारी मी फोन बूथमध्ये गेलो. नवा जोडीदार काचेबाहेर उभा राहिला, नियमाप्रमाणे नजरेसमोर.

"कोण? ज्येष्ठ का?" मावशी म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "आईचे गुडघे कसे आहेत?"

मी म्हणालो, बरे आहेत. मग म्हणालो, "मावशी, त्या गुरुवारी तुम्ही जे बोललात ते मी त्याला सांगितलं नाही. मी वेगळंच सांगितलं."

"माहीत आहे की."

"माहीत आहे?"

"अरे, पंचवीस वर्षं वॉर्डात काढली मी. 'हो' म्हणालास ते कळणार नाही मला? मला वाटलं, आता थांबेल, आता सांगेल. मग वाटलं, जाऊ दे, एवढं अडलंय पोराचं." पुढे म्हणाल्या, "पण दुसऱ्यांदा बुडवायला नको होतंस. रात्री अजून दचकून उठते."

बाहेरच्या जोडीदाराने खूण केली, सगळं ठीक? मी मान डोलावली.

"मुलाला कळलं," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं. तो म्हणाला, मम्मी, हे तुला हवं होतं का? इंग्रजीतच, पण विचारलं तरी त्याने." मग विचारलं, "मी अजून त्यांच्यात धरली जाते का?"

"हो. नाव काढायचं असेल तर लेखी द्यावं लागतं."

"तू काय म्हणतोस?"

"तुम्हाला ते खरं वाटतं का, मावशी? मी शिकवलं ते?"

"आत्ता विचारतोयस."

"हो."

"चांगली माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "पण खरं नाही वाटत. माझे देव मी जानेवारीतच खाली आणले. डांबराचा वास काही जात नाही."

"मग पत्र लिहा."

"तूच लिहून पाठव. मी सही करते."

"नाही. तुमचं तुम्हीच लिहायचं. माझं पत्र वेगळं जाईल, त्यात मी काय केलं ते मी लिहीन."

त्यांनी कागद शोधला, चष्मा शोधला. मी काही सुचवलं नाही. त्या स्वतःच इंग्रजीत जुळवत, मोठ्याने म्हणत लिहीत गेल्या: माझं नाव काढावं, मी तुमच्यातली नाही, तुम्ही सगळे माझ्याशी चांगले वागलात. इथे थांबून मराठीत म्हणाल्या, "या पोराचा दोष नाही, असं घालते."

"घालू नका. ते खरं नाही."

"पत्र कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग गप्प बस," त्या म्हणाल्या. पुढे काय लिहिलं ते त्यांनी वाचून दाखवलं नाही. पेनाचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला. मग त्यांनी आजची तारीख विचारली, मी सांगितली, आणि त्यांनी फोन ठेवला.