दुमडमावशीचा कोट

आमच्या शिलाईच्या दुकानात तिला सगळे दुमडमावशी म्हणायचे. पँट आखूड करा, स्कर्टची लांबी सोडा, पडद्याला कड घाला, सगळं तिच्या पुढ्यात. तिनं कधी हूं की चूं केलं नाही. मी तिथला इस्त्रीवाला. दिवसभर वाफेत उभं राहून माझं डोकं तसंही तापलेलंच असतं, तिचं ते मुकाट सोसणं बघून आणखी तापायचं.

खरं तर मावशीचा हात कोटाचा, वडिलांकडून शिकलेली. पण कोट आमच्याकडे येतो क्वचित, आणि तो कोणी शिवायचा हे ठरायचं पत्त्यांवर. भांडणं नकोत म्हणून मास्तरांनी, म्हणजे मालकांनीच, काढलेली ही शक्कल. जेवणाच्या सुट्टीत कापायच्या टेबलावर पोकर. प्रत्येकाला मूठभर बटणं, आणि सुट्टी संपताना ज्याच्यापुढे जास्त बटणं, त्याचा कोट. मास्तर पानं वाटायचे. खेळायला मावशी, शर्ट शिवणारा पोरगा, ज्याला आम्ही कॉलर म्हणतो, आणि हौसेखातर मी. मला कोट मिळून मी काय करणार, जाळणार?

जिंकायचा कॉलर. मग कोट शिवून झाला की शिवणारा आतल्या खिशाच्या कडेला आपली खूण घालतो, तशी तो घालायचा. अस्तराच्याच रंगाची बारीक फुली. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, शिंप्याला बरोबर ओळखू येते. मावशीची खूण आमच्या दुकानातून कधी बाहेर पडलीच नव्हती.

कारण बाई एकही डाव सोडायची नाही. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मग टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडतात, ज्याची जुळणी भारी त्याचा डाव. हातातली दोन बघूनच ठरवायचं असतं, बटणं लावायची की पानं टाकायची. मावशीला दोन्ही बदाम आले की झालं! सत्ती-दुर्री का असेना. "जुळतंय की," म्हणायची. जन्मभर कापडाला दोरा जुळवलेली बाई, तिला ती पानं टाकवायचीच नाहीत. तशी ती कात्रणंही टाकत नाही म्हणा, पोती भरून ठेवलीत.

थंडी सुरू व्हायच्या आधी एका शाळेतल्या बाईंनी राखाडी लोकरीचं कापड आणून दिलं. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मावशीला ऑपरेशन सांगितलं होतं, आणि बारीक काम पुढे जमेल की नाही याची खात्री दिली नव्हती. हे तिनं फक्त मला सांगितलं, इस्त्रीपाशी येऊन. "एक कोट तरी माझ्या हातून व्हायला हवा रे," म्हणाली.

मी भडकलोच. मग रोज चहाच्या वेळी तिची शिकवणी घ्यायला लागलो. सारखी दोन आली, खेळ. एक्का-राजा, राजा-राणी अशी मोठी आली, खेळ. सगळ्यांच्या आधी बोलायची पाळी आपली असेल तर जास्तच कडक राहा, मधलंअधलं काहीही सरळ टाक. शेवटी बोलायचं असेल तर थोडी सैल हो, कारण तोवर बाकीच्यांनी काय केलंय ते दिसलेलं असतं. इथवर तिला पटलं. पण नुसता रंग जुळला म्हणून बारकी पानं खेळायची नाहीत, हे काही केल्या पटेना. शेवटी मी वैतागून म्हणालो, "मावशी, कापड आखूड पडतंय, पण रंग जुळतोय म्हणून कोटाला घेशील का?"

ती हसली.

त्या राखाडी कोटासाठी खेळ बसला त्या दिवशी मावशी नुसती पानं टाकत होती. तिला ती उताणी टाकायची सवय, म्हणून आम्हाला दिसायची. तिची बटणं हळूहळू कमी होत चालली. कॉलर विचारायला लागला, मावशी, झोप लागली का? एकदा तिनं बदामाची अठ्ठी-तिर्री टाकली आणि टेबलावर नेमके तीन बदाम उघडले. खेळली असती तर डाव तिचाच होता. आता ही बिथरणार आणि दिसेल ते खेळत सुटणार, असं मी धरूनच चाललो होतो. पुढच्या डावात तिला किलवरची दोन बारकी आली. तिनं ती टाकली, चष्मा पुसला आणि पुढच्या पानांची वाट बघत बसली. खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटला.

सुट्टी संपत आली तेव्हा तिनं पानं उचलली, एकदाच पाहिली आणि सगळी बटणं पुढे सरकवली. कॉलरला जुनी मावशी आठवली असणार. त्याच्याकडे एक्का-दश्शी होती, तो हसतच खेळला. मावशीनं दोन राजे मांडले. मास्तरांनी पाच पानं उघडली, त्यात एक्का नव्हता. डाव मावशीचा, आणि बटणांचा सगळ्यात मोठा ढीगही तिच्यापुढे. कॉलर स्वतः उठून राखाडी कापड तिच्या मशीनवर ठेवून आला. बरा आहे तसा पोरगा.

कोट शिवून इस्त्रीला माझ्याकडेच आला. खांदे असे बसले होते की इस्त्री फिरवायला हात धजेना. आतला खिसा उलटला आणि बघतच राहिलो. राखाडी अस्तरावर लालभडक फुली. मास्तर मागून डोकावले आणि म्हणाले, अहो मावशी, ही तर दिसतेय.

"दिसू दे की," मावशी म्हणाली. "थंडी संपली की बाई कोट इस्त्रीला आणतील. तोवर माझं ऑपरेशन झालेलं असेल. तेव्हा मला ती चटकन सापडायला हवी."