अकरा बायकांची यादी

रागावल्या की बाई चष्मा काढून टेबलावर उलटा ठेवायच्या. "हे ध्यानात ठिवायलेय मी," एवढंच म्हणायच्या, आणि खरंच ठेवायच्या. परभणीच्या आमच्या सरकारी संगणक कक्षात तो उलटा चष्मा दिसला की शिपाई चहा घेऊन आल्या पावली परतायचा. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, पण आमच्या बाईंची सर त्याला येणार नाही.

बाई ऑपरेटर, ताडकळसहून रोज एसटीने यायच्या. मी शेजारच्याच टर्मिनलवर. आम्ही भरलेली माहिती गच्चीवरच्या उपग्रहाच्या तबकडीतून दूर शहरातल्या मोठ्या संगणकाकडे जायची. तिथला प्रोग्राम जुना, इंग्रजीवर पोसलेला. नावाला जागा तीस अक्षरांची. मराठी सुरू झालं तशी प्रत्येक वेलांटी, प्रत्येक मात्रा एकेक जागा अडवू लागली. नाव तिसाच्या पुढे गेलं की तो अख्खी नोंदच टाकून द्यायचा, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

नामांतराच्या दंगलीत जळालेल्या एका वस्तीला बारा वर्षांनी घरं मिळायची होती. बाईंची विधवा आई तिथेच पत्र्याच्या खोपटात राहायची. आमच्याकडे कागदावर बायकांच्या नावापुढे 'भ्रतार' लिहून नवऱ्याचं नाव जोडतात. म्हणजे नावं लांबणार ती बायकांचीच, आणि घरांच्या यादीत बायका म्हणजे विधवाच. यादी पाठवण्याआधी बाईंनी तो मोठा संगणक सांभाळणाऱ्या शहरातल्या साहेबांना फोनवर हे नीट समजावून सांगितलं.

"बाई, तुम्ही टाइप करा. डोकं आम्ही चालवतो," साहेब म्हणाले.

यादी छापून आली. अकरा विधवा गायब, त्यात बाईंची आई. साहेबांनी वर कळवलं की चूक ऑपरेटरची आहे. बाईंना मेमो मिळाला. बाकीच्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, अकराजणी खोपटात राहिल्या. त्या पावसाळ्यात आई न्युमोनियाने गेली.

चौथ्या दिवशी बाई कामावर हजर. मी म्हटलं, रजा घ्या.

"रजा नगं. मला त्याचं त्वांड बघायचंय."

दोन महिने त्यांनी जाडजूड पुस्तकं वाचली आणि मधला एक प्रोग्राम लिहिला. प्रत्येक नावाला एक नंबर. मोठ्या संगणकाकडे फक्त नंबर जायचा, पुरं मराठी नाव आमच्याकडे राहायचं आणि छापताना दोन्ही जोडली जायची. साहेबांना पत्ता लागू दिला नाही. मला माहीत होतं. मीही गप्प राहिलो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मग एकदा मराठीचं काम दाखवायला साहेब स्वतः आले. कलेक्टर आले, वस्तीतली माणसंही बोलावली होती, त्यांत उरलेल्या दहाजणीही.

"आधी तुमचंच नाव घालू साहेब, जुन्या पद्धतीनं," बाई अगदी गोड बोलल्या.

साहेबांनी स्वतःचं, वडिलांचं नाव, दुहेरी आडनाव ऐटीत सांगितलं. कागद आला तो कोरा.

"तुमी तर यादीतच न्हाई साहेब. चूक ऑपरेटरची असंल."

कुणीतरी खुदकन हसलं. मग बाईंनी आपला प्रोग्राम चालवला. अकरा नावं, पुरी, भ्रतारासकट. सगळ्यांत वर आईचं. कलेक्टरांनी नावं वाचायला आणि जिचं नाव येईल तिला उभं राहायला सांगितलं तसा बाईंनी कागद साहेबांपुढे धरला. "साहेब वाचतील. डोकं त्येंचं हाय."

साहेबांनी पहिलं नाव वाचलं. कुणी उठलं नाही. त्यांनी मान वर केली.

"ती मेली, साहेब. तुमच्या यादीची वाट बघत. वाचा पुढं."

अकराव्या नावापर्यंत त्यांचा आवाज पार बसला होता. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

दहाजणींना घरं मिळाली. बाईंची बदली झाली, थेट गडचिरोलीला. ती कुणी केली हे सांगायला नको. मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. खिडकीशी उभा राहून विचारलं, "बाई, झालं समाधान?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला वाचायला लावलं. पर आईनं कुठं ऐकलं?"