समुद्राच्या तळाशी ठेवून आलो

मेडशीहून वाशीम स्टेशनापर्यंत सोपाननं, माझ्या लेकानं, बैलगाडीतून आणून सोडलं. आगगाडीत चढताना गाठोडं त्याच्या हाती दिलं, चंची (पानसुपारीची कापडी पिशवी) मात्र दिली नाही. ती त्याच्या मायची. आत आता पान नव्हतं, तिची हाडं होती. बाकीची आम्ही पैनगंगेत सोडली, एवढी मूठभर मी मागं ठेवली. रामेश्वराला जायचं, असं ती जन्मभर म्हणायची. देवासाठी कमी, समुद्रासाठी जास्त. समुद्र कसा असतो ते आमच्या घरात कुणीच पाहिलं नव्हतं.

सोबतीला गावचे बापूराव होते. बोलघेवडा माणूस, तोंडाला झाकण नाही. पूर्णा, सिकंदराबाद, मद्रास अशा गाड्या बदलत चाललो. मद्रासच्या पुढं आमच्या भाकरी संपल्या, जवसाची चटणी तेवढी उरली. मग रोज भात. केळीच्या पानावर ढीग वाढतात अन् वरून आंबट, तिखट पाणी ओततात. ते पानावरून पळतं अन् आपण हातानं अडवत बसायचं. बापूराव म्हणाले, असं जेवण जेवायचं म्हणजे आधी बांध घालायला शिकलं पाहिजे.

पांबनचा पूल आला तेव्हा सकाळ होती. दोन्ही अंगाला पाणीच पाणी, मधून आमची गाडी चाललेली, बैलाला नाल्याच्या काठानं न्यावं तशी हळू. पाण्याचा रंग कुठं हिरवा, कुठं निळा, अन् कुठं खालचे दगड दिसतील इतका पातळ. बापूरावांनी डोळे मिटून रामराम चालवला. मी चंची खिडकीच्या गजाशी धरली.

"तिले दाखवून राह्यले का, दादा?" बापूरावांनी एक डोळा उघडून विचारलं.

"हो."

त्यांनी तो डोळा मिटला अन् रामराम पुन्हा सुरू केला.

रामेश्वरात देवळाच्या पुढ्यात समुद्र आहे. तिथंच अस्थी सोडतात. भटजीनं मंत्र म्हटले, मला कमरेइतक्या पाण्यात उभं केलं अन् सोडा म्हणाला. मी पाण्याकडं पाहिलं. लाट यायची ती सकाळपासून लोकांनी सोडलेलं सगळं घेऊन यायची. फुलं, केळीची सालं, चिंध्या, अन् त्यातच पांढरे तुकडे. ते काठाच्या चिखलात येऊन पडायचे, कावळे त्यांना चोच मारायचे. मी चंची उघडलीच नाही, बाहेर निघून आलो. भटजी रागावला. बापूराव तर फारच. इतक्या दूर येऊन हा बुढा ऐनवेळी अडून बसला, गावाला काय सांगू, असं सगळ्या घाटाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, "तिले तळाशी ठेवीन. अथी (इथं) किनाऱ्याच्या घाणीत नाही."

यात वेड्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडं विहिरीत बादली, घागर पडली की आधी गळ टाकून पाहतात. गळाला लागली नाही तर मला बोलावतात. आठ परस (एक परस म्हणजे पुरुषभर उंची) पाण्याच्या तळातून मी भांडी काढलेली आहेत. पाण्याखाली जाणं मला नवं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पांबनच्या कोळीवाड्यात गेलो. तिथं बुडी मारून शंख काढणारे लोक राहतात. कासिम नावाचा एक पन्नाशीचा पाणबुड्या मुंबईच्या गोदीत राहून आलेला, त्यामुळं त्याला हिंदुस्थानी येत होती. माझं ऐकून घेऊन त्यानं आधी माझे दंड दाबून पाहिले, मग छातीला कान लावला. बैल घेताना आपण करतो तसंच. म्हणाला, "मेरे हाथ में देव बाबा, मैं रख देता."

मी म्हटलं, "तेरी औरत होती तो किसी के हाथ में देता क्या?"

त्यानं मान हलवली अन् होडीत बसायची खूण केली. बापूराव किनाऱ्यावरच बसले. होडीत चढणारा अन् विस्तवावर बसणारा सारखाच, असं त्यांचं मत.

होडी एका लहानशा बेटाजवळ थांबली. खाली दोन-अडीच परस पाणी, पोवळ्याच्या दगडांचं रान. कासिमनं लाकडात काच बसवलेला चष्मा दिला. चंची कमरेच्या करगोट्याला बांधून मी विहिरीत मारतो तशी पाय जुळवून उडी मारली. निम्मा परसही गेलो नसेन, समुद्रानं मला बुचासारखं वर फेकलं. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. विहिरीचं पाणी माणसाला खाली घेतं. खारं पाणी घेत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. होडीतले दोघं-तिघं पोट धरून हसत होते. नाकातोंडात मीठ, डोळ्यांत आग. वाटलं, तिला तशीच परत न्यावी लागते.

कासिम हसला नाही. दोराला बांधलेला जड दगड त्यानं माझ्या पायाखाली दिला. "इसपे खड़े रहो. वो लेके जाएगा."

दगडानं नेलं.

खाली ऊन होतं. विहिरीच्या तळाशी अंधार अन् गाळ असतो, हातानं चाचपावं लागतं. इथं वाळलेल्या पळाटीसारखी (कपाशीच्या झाडासारखी) दगडाची झुडपं, कुठं कोंबड्याच्या तुऱ्यासारखी लाल, अन् मधून हळदीच्या रंगाचे मासे, माणसाला न भिणारे. दोन दगडांच्या मधे पांढरी रेती सापडली. तिथं चंची ठेवली, वर चपटा दगड ठेवला. एक मासा आला, चंचीचा काठ हुंगून गेला. मी हात काढून घेतला नाही. मरायचं मनात नव्हतं, खोटं कशाला लिहू. फक्त बाजूला थोडं बसावंसं वाटलं, संध्याकाळी घरापुढच्या वट्ट्यावर (ओट्यावर) बसायचो तसं. छाती फुटायला लागली. वरून दोर हलला, पुन्हा हलला. तिसऱ्यांदा कासिम स्वतः खाली आला अन् काखेत धरून घेऊन गेला.

मी विहिरीतून वर आलो की ती काठावरून विचारायची, "खाली काय हाय हो?" मी दरवेळी म्हणायचो, गाळ. त्या दिवशी सांगण्यासारखं इतकं होतं अन् होडीत सगळे तमीळ बोलत होते.

परतीची वाट लवकर सरली. घरी आल्यावर गावच्या महाराजांनी विचारलं, मंत्र कोणता म्हटला? काहीच नाही म्हटल्यावर म्हणाले, मग हे लागलं नाही, गंगेत पुन्हा सोडावं लागेल. मी म्हटलं, आता काढायला तुम्ही जा.

पण एक खरं. ज्यांनी नदीत सोडलं त्यांचं बरं असतं. वाहून गेलं, कुठं गेलं ते ठाऊक नाही, मग जीवही कुठं अडकत नाही. माझी बायको कोणत्या दोन दगडांच्या मधे आहे ते मला नेमकं ठाऊक आहे. डोळे मिटून हात लावीन. अन् आता या वयात तिथं पुन्हा जाणं होत नाही.